‘तूच लिहून आण, मी सही करतो’

शिफारसपत्र मागायला गेलेले वैद्यकीय विद्यार्थी अनेकदा ते लिहिण्याचं काम स्वतःच्याच डोक्यावर घेऊन परत येतात. त्या पेचातून आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मेडिसिनच्या पोस्टिंगमधल्या (वॉर्डातल्या प्रशिक्षणातल्या) सरांकडे शिफारसपत्र मागितलं. ‘मसुदा तूच कर, मी बघून सही करतो,’ असं ते म्हणाले. स्वतःचं शिफारसपत्र स्वतः लिहिणं ही फसवणूक होत नाही का? पण सरांना नाही तरी कसं म्हणू?

उत्तर : मसुदा कोणी टाइप केला यापेक्षा त्यातलं मत कोणाचं आहे, हे महत्त्वाचं. सरांनी पाहिलेलं, त्यांना पटलेलं आणि त्यांनी वाचून दुरुस्त केलेलं असेल तर ते पत्र त्यांचं. त्यांनी न पाहिलेलं, न म्हटलेलं काही त्यांच्या सहीच्या वर आलं, तर मात्र ती फसवणूक आहे, मग मजकूर कितीही खरा असो.

म्हणून लिहायला बसण्याआधी दोन कामं करा. पहिलं, पत्र जिथे जाणार आहे तिथल्या सूचना नीट वाचा. काही ठिकाणी पत्र शिक्षकांनीच लिहावं, उमेदवाराचा त्यात हात नसावा, असं स्पष्ट म्हटलेलं असतं. तसं असेल तर मसुदा करूच नका. सरांना सरळ सांगा, ‘सर, त्यांच्या सूचनांमध्ये पत्र शिक्षकांनीच लिहायचं आहे. मी तुम्हाला लागणारी सगळी माहिती एका पानावर आणून देतो, चालेल का?’ सहसा चालतं. सरांना नको असते ती आठवाआठव आणि जुळवाजुळव. लिहायला त्यांची ना नसते. त्या पानावर पोस्टिंगच्या तारखा आणि युनिट, तुम्ही मांडलेल्या केसेस, घेतलेला सेमिनार, लॉगबुकमधल्या ठळक नोंदी, पत्र कशासाठी हवं आहे, कुठे आणि कसं पाठवायचं आणि शेवटची तारीख एवढं असावं. सोबत सीव्ही जोडा.

दुसरं काम, मसुदा चालत असेल तर सरांची पंधरा मिनिटं मागून घ्या आणि तीन गोष्टी विचारा. माझ्या कामातलं तुम्हाला काय लक्षात आहे? मी कुठे कमी पडलो? आणि या जागेसाठी तुम्ही माझी मनापासून शिफारस करू शकाल का? उत्तरं त्यांच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा. मसुद्याचा कच्चा माल तोच. तिसऱ्या प्रश्नावर सर अडखळले, ‘देऊ की पत्र’ असं काही तरी मोघम बोलले, तर आभार मानून दुसऱ्या शिक्षकांकडे जा. कोमट शिफारसपत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं आणि ते नसलेलं परवडतं.

प्रश्न : मसुदा लिहायला बसले, तर ‘मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड असलेली’ यापुढे गाडी जात नाही. स्वतःची स्तुती लिहिताना लाजही वाटते. पत्राचा सांगाडा कसा असावा?

उत्तर : लाज वाटते ती विशेषणं लिहावी लागतील असं गृहीत धरल्यामुळे. पत्रातून विशेषणं काढून टाका आणि घडलेलं लिहा. जे घडलं ते सांगायला संकोच वाटत नाही.

आकार आधी ठरवू. एक पान, साधारण चारशे ते पाचशे शब्द, चार-पाच परिच्छेद. दोन पानांचं पत्र अर्धवट वाचलं जातं. दहा ओळींचं पत्र ‘हिला शिक्षक ओळखत नव्हते’ एवढंच सांगतं.

पहिल्या परिच्छेदात लिहिणाऱ्याची ओळख नको, ओळखीचा आधार हवा. सर कोण आहेत ते लेटरहेड आणि सहीखालचं पद सांगतंच. वाचणाऱ्याला हवं असतं ते हे : शिक्षकांनी या विद्यार्थिनीला किती काळ, कोणत्या नात्याने आणि किती जवळून पाहिलं. ‘मी तिला चांगली ओळखतो’ याला वजन नाही. ‘मेडिसिनच्या आठ आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये ती माझ्या युनिटला होती. आठवड्यातून तीन राउंडना मी तिचं काम पाहत असे आणि तिने माझ्यासमोर सहा केसेस मांडल्या,’ याला आहे. आकडे लॉगबुकवरून घ्या, अंदाजाने लिहू नका.

पत्राचा जीव मधल्या दोन परिच्छेदांत असतो. तिथे दोन प्रसंग द्या, दोन वेगळ्या गुणांचे. एक क्लिनिकल विचारशक्तीचा असेल, तर दुसरा रुग्णाशी किंवा सहकाऱ्यांशी वागण्याचा. प्रत्येक प्रसंगात तीन गोष्टी हव्यात : परिस्थिती काय होती, विद्यार्थिनीने नेमकं काय केलं आणि त्यातून पुढे काय झालं. नमुना पाहा.

कच्चं : ‘तिचं हिस्ट्री घेण्याचं कौशल्य उत्कृष्ट असून ती अत्यंत चिकित्सक आहे.’

पक्कं : ‘कित्येक आठवडे कोरडा खोकला असलेल्या एका रुग्णाच्या तपासण्यांतून काही निष्पन्न होत नव्हतं. तिने औषधांची हिस्ट्री पुन्हा पहिल्यापासून घेतली. खोकला रक्तदाबासाठी एनालाप्रिल सुरू झाल्यानंतरचा आहे, हे तिने तारखांचा क्रम लावून राउंडमध्ये मांडलं. आम्ही औषध बदललं. फॉलो-अपला रुग्ण आला तेव्हा खोकला थांबला होता.’

दुसऱ्या मजकुरात स्तुतीचं एकही विशेषण नाही, तरी चिकित्सक कोण ते कळतं. त्यात आणखी एक बारकावा आहे. औषध ‘आम्ही’ बदललं, तिने नाही. विद्यार्थी निदान जाहीर करत नाही, उपचार ठरवत नाही. ‘तिने रुग्णाचे प्राण वाचवले’, ‘तिने निदान करून उपचार सुरू केले’ अशी वाक्यं मसुद्यात आली की वाचणारे डॉक्टर तिथेच थबकतात आणि पुढच्या खऱ्या वाक्यांवरचाही त्यांचा विश्वास उडतो. प्रोसीजर लिहिताना ‘देखरेखीखाली’ हा शब्द गाळू नका.

मसुदे सर्वांत जास्त घसरतात ते नजरेच्या बाबतीत. पत्रातला ‘मी’ म्हणजे सर. सर जिथे उभे होते तिथून जे दिसलं, तेवढंच त्या ‘मी’ला माहीत आहे. ‘रात्री दोन वाजता ती रुग्णाच्या नातेवाइकांना धीर देत होती’ हे खरं असेल, पण रात्री दोनला सर वॉर्डात नव्हते. मग ते वाक्य ‘निवासी डॉक्टरांनी मला सांगितलं’ असं सुरू व्हायला हवं, आणि निवासी डॉक्टरांनी ते सरांना खरोखर सांगितलेलं हवं. तुमच्या मनात काय चाललं होतं, बालपणी डॉक्टर व्हावंसं का वाटलं, हा मजकूर इथे शोभत नाही. त्याची जागा अर्जासोबतच्या तुमच्या स्वतःच्या निवेदनात.

रुग्णाचं नाव, खाट क्रमांक, दाखल झाल्याची तारीख लिहायची नाही, हे माहीत असतंच. पण दुर्मीळ आजार, अचूक वय आणि व्यवसाय एकत्र आले तरी माणूस ओळखू येतो. वय लिहायची गरजच असेल तर ‘पन्नाशीतला’ पुरेसं.

एक उणीव जरूर लिहा. संपूर्ण निर्दोष पत्र मित्राने लिहिल्यासारखं वाटतं. मात्र ‘ती जरा जास्तच परिपूर्णतेचा ध्यास घेते’ असली सोंगातली उणीव नको. सरांनी पंधरा मिनिटांच्या बोलण्यात जे सांगितलं तेच घ्या आणि पुढे काय बदललं ते लिहा : ‘सुरुवातीला तिचं केस प्रेझेंटेशन बारा मिनिटं चालायचं, कारण रुग्णाला नसलेलं प्रत्येक लक्षणही ती वाचून दाखवायची. चौथ्या आठवड्यापर्यंत ती पाच मिनिटांत मुद्द्यावर येऊ लागली, आणि कोणती नसलेली लक्षणं सांगणं महत्त्वाचं आहे तेही निवडू लागली.’ शिकवलेलं घेणारी विद्यार्थिनी कशी असते, ते यातून दिसतं.

शेवटच्या परिच्छेदात शिफारशीचं वाक्य असतं. ते तुम्ही लिहू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : ‘आजवरच्या सर्वोत्तम पाच टक्के विद्यार्थ्यांपैकी एक’ असं मित्राच्या पत्रात होतं. माझ्या मसुद्यात मीही लिहू का?

उत्तर : नाही. ही तुलना करायला किती विद्यार्थी पाहिले ते माहीत असावं लागतं, आणि ते फक्त सरांना माहीत आहे. तुम्ही टाकलेला आकडा सरांनी संकोचाने तसाच ठेवला, तर ते असत्य तुमच्या हातचं.

पण तुलना पत्रातून वगळूही नका, कारण निवड करणारे तीच ओळ शोधत असतात. जागा रिकामी सोडा : ‘गेल्या ____ वर्षांत मी शिकवलेल्या सुमारे ____ विद्यार्थ्यांमध्ये तिची गणना ____ मध्ये करीन.’ शिफारशीच्या वाक्याचंही तसंच : ‘मी तिची ____ शिफारस करतो.’ रिकाम्या जागा पिवळ्या करून ठेवा. ‘शिफारस करतो’, ‘आनंदाने शिफारस करतो’, ‘कोणतीही शंका न ठेवता शिफारस करतो’ या तिघांत पायऱ्या आहेत आणि वाचणाऱ्यांना त्या पाठ असतात. कोणत्या पायरीवर उभं राहायचं ते सरांनी ठरवावं.

मसुदा वर्ड फाइलमध्ये द्या. पीडीएफ दिली की सर बदल करायचा कंटाळा करतात आणि बदल न झालेलं पत्र तुमचंच राहतं.

प्रश्न : एक मॅडम म्हणाल्या, मुलींच्या पत्रांत ‘मनमिळाऊ, कष्टाळू’ असे शब्द टाळावेत. कष्टाळू असण्यात वाईट काय?

उत्तर : वाईट काहीच नाही, पण मॅडमचं म्हणणं गांभीर्याने घ्या. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका मोठ्या अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक शिफारसपत्रं तपासली होती. स्त्री उमेदवारांची पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत शंका सुचवणारी वाक्यं अधिक होती आणि कष्ट-चिकाटीची विशेषणं जास्त वेळा आली होती. ती पत्रं विद्यार्थ्यांची नव्हती, तरी सवय तीच आहे : पुरुषाची हुशारी लिहायची आणि स्त्रीची मेहनत.

स्वतःचा मसुदा लिहितानाही मुली नकळत तसंच लिहितात. तपासायची सोपी रीत अशी. मसुद्यातली सगळी विशेषणं एका कागदावर उतरवा. ती सगळी स्वभावाची निघाली आणि विचारशक्तीचं, निर्णयाचं, ज्ञानाचं एकही नसेल, तर एक प्रसंग बदला. ‘अननुभवी असूनही’, ‘शांत स्वभावाची असली तरी’ अशा वाक्यांवर काट मारा. न विचारलेली शंका तुम्हीच पुरवत असता.

प्रश्न : तिघाही शिक्षकांनी मसुदे मलाच करायला सांगितले आहेत. तिन्ही पत्रं सारखी वाटतील अशी भीती आहे. एआयकडून भाषा बदलून घेतली तर?

उत्तर : भीती रास्त आहे. तिन्ही पत्रं एकाच टेबलावर शेजारी-शेजारी वाचली जातात. तेच आवडते शब्द, तशीच वाक्यांची लांबी, स्वल्पविराम देण्याची एकच लकब. एवढ्यावरून हात एकच आहे हे कळतं, आणि मग तिन्ही पत्रांची किंमत जाते.

आधी विषय वाटून घ्या. मेडिसिनच्या सरांकडे विचारशक्ती, सर्जरीच्या मॅडमकडे हातातलं कसब आणि टीममधलं वागणं, संशोधनाच्या मार्गदर्शकांकडे चिकाटी आणि आकडेवारीची समज. एक प्रसंग दोन पत्रांत येता कामा नये. मग प्रत्येक शिक्षकांच्या बोलण्याच्या ज्या नोंदी केल्यात, त्यांतले शब्द जसेच्या तसे वापरा. परवानगी असेल तर त्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घ्या. छोटी, तुटक वाक्यं बोलणाऱ्या मॅडमच्या पत्रात लांबलचक गुंतागुंतीची वाक्यं नकोत. तीन मसुदे तीन वेगळ्या दिवशी लिहा. एका बैठकीत लिहिले की एकाचा सूर दुसऱ्यात उतरतोच.

तिघांपैकी निदान दोघांना पूर्ण मसुद्याऐवजी मुद्द्यांचं पान देऊन पाहा. आमचा आग्रह या वाटेचा आहे.

एआयबद्दल : शुद्धलेखन आणि व्याकरण तपासायला ठीक. पण मजकूर लिहायला दिला तर ते तुमच्या घटना घासून गुळगुळीत करतं आणि न घडलेले तपशील भर म्हणून घालतं. तिन्ही मसुदे एकाच यंत्रातून काढले तर ते आणखीच सारखे होतील. रुग्णाचा कोणताही तपशील तिथे टाकू नका, नाव काढलेलं असलं तरी.

प्रश्न : अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी (पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी) अर्ज करतेय. तिथे ‘पत्र पाहण्याचा हक्क सोडते’ यावर खूण करायची असते. मसुदा मीच केला, तर ही खूण खोटी ठरेल का?

उत्तर : इथे फार जपून पावलं टाका. अमेरिकेतले बहुतेक रेसिडेन्सी अर्ज ‘इरास’ (ERAS) या ऑनलाइन प्रणालीतून जातात. प्रत्येक पत्रासाठी तुम्ही विनंती तयार करता, तिचा फॉर्म शिक्षकांना देता आणि पत्र शिक्षक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती स्वतंत्र पोर्टलवर चढवते. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रं जोडता येतात. हक्क सोडल्याची खूण केली की ते पत्र तुम्ही पाहिलेलं नाही असं वाचणारे धरून चालतात, आणि त्यामुळेच त्याला वजन देतात. तुम्ही लिहिलेलं पत्र जसंच्या तसं गेलं, तर त्या खुणेला अर्थ उरत नाही.

त्यामुळे या अर्जासाठी फक्त मुद्द्यांचं पान द्या. सर मसुद्यावर अडूनच बसले तर निदान तुलना, उणीव आणि शिफारस हे तीन भाग पूर्ण मोकळे ठेवा, अंतिम मजकूर त्यांना करू द्या आणि तो पुन्हा पाहायला मागू नका.

सरांच्या नावाने ईमेल खातं उघडून, त्यांची सही स्कॅन करून स्वतःच पत्र चढवणं हा सरळ सरळ गैरप्रकार आहे, सरांची तोंडी परवानगी असली तरी. ‘सर कॉम्प्युटरला हात लावत नाहीत’ असं असेल तर विभागातल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांना त्यांच्या शेजारी बसवून ते काम करून घ्यावं. इमर्जन्सी मेडिसिनला जात असाल तर तिथे ठरावीक नमुन्याचं मूल्यांकनपत्र असतं. इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात हे शिक्षकांनाच भरायचं असतं, म्हणून मसुद्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न : नावाजलेल्या विभागप्रमुखांचं पत्र घ्यावं, की रोज शिकवणाऱ्या लेक्चररचं?

उत्तर : रोज शिकवणाऱ्यांचं. विभागप्रमुखांनी तुम्हाला दोन ग्रँड राउंडना (सगळ्या विभागाच्या एकत्रित केसचर्चांना) पाहिलं असेल, तर त्यांच्या पत्रात लिहिण्यासारखं काही नसतं. काही अर्जांत विभागप्रमुखांचं पत्र बंधनकारक असतं. तिथे लेक्चररनी आपली निरीक्षणं विभागप्रमुखांना लिहून द्यावीत आणि पत्रात तसा उल्लेख व्हावा.

प्रश्न : संशोधन मार्गदर्शकांच्या पत्रात काय असावं? आमचा पेपर अजून छापून आलेला नाही.

उत्तर : तुमचा वाटा नेमका लिहा. ‘संशोधनात मोलाचं योगदान’ म्हणजे काहीही असू शकतं. केसपेपर तपासून नोंदी तुम्ही केल्यात, की प्रश्नावली तयार केलीत, की आकडेमोड केलीत, ते वेगळं लिहा. पेपर ‘पाठवला’, ‘स्वीकारला गेला’ आणि ‘प्रसिद्ध झाला’ या तीन वेगळ्या अवस्था आहेत. जी असेल तीच लिहा आणि सीव्हीतही तीच ठेवा. पत्र आणि सीव्ही यांत इथे फरक पडला की मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

प्रश्न : दुसऱ्या वर्षी एका विषयात नापास झालो होतो. त्याचा खुलासा शिफारसपत्रात करावा का?

उत्तर : त्या शिक्षकांना ती गोष्ट तेव्हापासून माहीत असेल आणि तुम्हाला त्यातून सावरताना त्यांनी पाहिलं असेल, तरच, आणि तेही दोन वाक्यांत. एरवी खुलासा तुमच्या निवेदनात करा.

प्रश्न : सर फार घाईत असतात. न वाचताच सही करतील असं वाटतं. मग?

उत्तर : न वाचलेलं पत्र तुमच्यासाठीच धोक्याचं आहे. कुणी फोन करून सरांना विचारलं, ‘ती एनालाप्रिलची केस काय होती?’ आणि सर म्हणाले, ‘कुठली केस?’, तर सगळा अर्ज संशयात येतो.

मुदतीच्या चार ते सहा आठवडे आधी मसुदा द्या, म्हणजे घाईचं कारणच राहणार नाही. दोन आठवड्यांनी एकदा आणि मुदतीच्या आठवडाभर आधी एकदा नम्रपणे आठवण करा. ओपीडी चालू असताना किंवा राउंड सुरू व्हायच्या आत कागद पुढे करू नका. दुपारी केबिनमध्ये जा. पिवळ्या रिकाम्या जागा इथे उपयोगी पडतात, कारण त्या भरल्याशिवाय सही करता येत नाही आणि भरायच्या तर अलीकडची-पलीकडची ओळ वाचावीच लागते. तरीही सर थेट पेन उचलू लागले तर म्हणा, ‘सर, दोन प्रसंग लिहिलेत. तुमच्या आठवणीप्रमाणे बरोबर आहेत ना, एवढं ऐकून घ्याल?’ आणि ते दोन परिच्छेद वाचून दाखवा. दीड-दोन मिनिटं लागतात.

सही होण्याआधी तुम्हीही एकदा तपासा : नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, दुसऱ्या विद्यार्थ्याच्या जुन्या पत्रातला ‘तो’ चुकून राहिला आहे का, आधी अर्ज केलेल्या संस्थेचं नाव कुठे उरलं आहे का, तारीख आजची आहे का, लेटरहेड सध्याचं आहे का, सहीखाली सरांचं पद आणि संस्थेचा अधिकृत ईमेल आहे का. फाइलच्या माहितीत लेखक म्हणून तुमचं नाव नोंदलेलं असतं. पण ते पुसण्यासाठी खटपट करू नका. सरांनी बदल करून अंतिम मजकूर त्यांच्या कॉम्प्युटरवर, त्यांच्या लेटरहेडवर घेतला, की पत्राची फाइल त्यांच्याच नावाने तयार होते.